वाहत्याचे शास्त्र शिकून काय होता येते?

हा लेख वाचण्यापूर्वी तोंडाला जाळी नसलेला एखादा नळ शोधा आणि तो अगदी थोडा उघडा. पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी गुळगुळीत पडेल. ती हलते आहे की नाही, असाही क्षणभर प्रश्न पडेल. आता नळ हळूहळू आणखी उघडत न्या. थोड्या वेळाने धार खडबडीत होईल, पांढुरकी दिसू लागेल, आवाज करू लागेल. पाणी तेच, नळही तोच. वाढला तो फक्त वेग. मग इतकी शिस्तशीर धार विसकटली कशी?

असाच प्रश्न मँचेस्टर येथील प्राध्यापक ऑस्बर्न रेनल्ड्झ यांनी घेतला आणि १८८३ साली त्यावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काचेच्या लांब नळीतून त्यांनी पाणी वाहू दिले आणि त्याच्या मधोमध रंगाची एक बारीक रेघ सोडली. वेग कमी असेपर्यंत रेघ सरळ राहिली. वेग वाढवताच ती थरथरू लागली आणि पाहता पाहता रंग नळीभर पसरला. पहिल्या प्रकाराला स्तरीय प्रवाह म्हणतात, दुसऱ्याला संक्षुब्ध प्रवाह.

यातून एक फार उपयोगी अंक हाती आला. प्रवाहाचा वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करायचा आणि त्याला द्रवाच्या श्यानतेने, म्हणजे चिकटपणाच्या मापाने, भागायचे. येणारे उत्तर म्हणजे रेनल्ड्झ अंक. नळीतल्या प्रवाहात हा अंक सुमारे २,००० पेक्षा कमी असला की प्रवाह शिस्तीत चालतो, त्याच्या बराच वर गेला की विसकटतो. १ सेंटीमीटर व्यासाच्या नळीतून पाणी सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने वाहत असेल, तर रेनल्ड्झ अंक सुमारे २,००० येतो. गणित करून पाहा. या अंकाला एकक नाही. त्यामुळे तो पाण्याला लागू पडतो तसाच हवेला, तेलाला आणि मधालाही लागू पडतो.

द्रव आणि वायू या दोघांना मिळून मराठीत 'द्रायू' असा सुटसुटीत शब्द आहे. द्रायू कसे वाहतात याचा अभ्यास म्हणजे द्रायुगतिशास्त्र. महाविद्यालयात हा भाग शिकवायला घेतला की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो, "सर, याला स्कोप आहे का?"

प्रश्न रास्त आहे. घरच्यांच्या कष्टाच्या पैशावर शिकणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. अडचण अशी की, नोकरीच्या जाहिराती चाळून त्याचे उत्तर मिळत नाही. 'द्रायुगतिशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात सहसा दिसत नाही. जाहिरातीत असते कनिष्ठ अभियंता, संशोधन सहायक, हवामान विभागात वैज्ञानिक सहायक, पंपांच्या कारखान्यात चाचणी विभागाचा तंत्रज्ञ. शास्त्र एकच असते, पण दारावरच्या पाट्या निराळ्या असतात. पाटीवर नाव दिसले नाही म्हणून अनेक मुले या वाटेने येतच नाहीत. म्हणून आज आपण यांपैकी काही दारे उघडून आत काय चालते ते पाहू.

खडकवासल्याची छोटी धरणे

पहिले दार पुण्याजवळचे आहे. खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामासाठी त्याची सुरुवात झाली. देशातील अनेक धरणे, बंदरे आणि पूल प्रत्यक्ष बांधण्याआधी येथे त्यांच्या लहान प्रतिकृती तयार करतात आणि त्यांवरून पाणी सोडून पाहतात.

तुम्ही म्हणाल, छोट्या धरणावरच्या पाण्यावरून मोठ्या धरणाचे काय कळणार? येथेच शास्त्र उपयोगी पडते. सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याला वेग मिळतो तो गुरुत्वाकर्षणामुळे, आणि पडणाऱ्या वस्तूचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा, प्रतिकृती मूळ धरणाच्या शंभराव्या भागाइतकी केली. १०० चे वर्गमूळ १०, म्हणून प्रतिकृतीतील पाण्याचा वेग मूळ वेगाच्या दहाव्या भागाइतका असतो. प्रवाहाचे क्षेत्रफळ दहा हजाराव्या भागाइतके होते. वेग आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. तो होतो एक लाखावा भाग. म्हणजे सेकंदाला १०,००० घनमीटर पाण्याचा महापूर प्रतिकृतीत सेकंदाला अवघ्या १०० लिटरांनी दाखवता येतो. वेळही दहाव्या भागाइतका लागतो. दहा तासांचा पूर एका तासात डोळ्यांसमोरून जातो! जहाजांच्या प्रतिकृतींसाठी असाच नियम वापरून विल्यम फ्रूड यांनी १८७२ साली इंग्लंडमध्ये टॉर्की येथे पाण्याचा लांब हौद बांधला होता. आजही हा हिशेब फ्रूड यांच्याच नावाने ओळखतात.

आता अशा एका प्रतिकृतीसाठी किती हात लागतात ते मोजा. नदीचा तळ हुबेहूब उठवणारा गवंडी, सांडव्याचा बाक मिलिमीटरपर्यंत अचूक साधणारा सुतार किंवा प्लास्टिकचे काम करणारा कारागीर, पातळी व दाब मोजणारी उपकरणे सांभाळणारा तंत्रज्ञ, मोजमापे घेणारा पदविकाधारक, निष्कर्ष काढणारा अभियंता, आणि गणित जुळत नसेल तर ते का जुळत नाही हे शोधणारा भौतिकीचा किंवा गणिताचा पदवीधर. यांतल्या एकाचेही काम कच्चे राहिले तर उत्तर चुकते. नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५९ साली सुरू झाली. तिच्याकडेही राज्यातील धरणे आणि कालवे यांची अशी कामे असतात.

आणि चुकीची किंमत मोठी असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती पाण्याखाली गेली. धरण फुटलेच तर खालच्या गावात पाणी किती मिनिटांत पोहोचेल, किती उंच चढेल, कोणता रस्ता मोकळा राहील, हे आता आधीच गणित करून ठेवता येते. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने ठरावीक आकारापेक्षा मोठ्या धरणांसाठी आणीबाणीचा कृती आराखडा आवश्यक केला आहे. तो आराखडा करायला माणसे लागतात, आणि त्या माणसांना वाहत्या पाण्याचे गणित यावे लागते.

हवेचा बोगदा

दुसरे दार बेंगळुरूचे. तेथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळा १९५९ साली स्थापन झाली. तेथे विंड टनेल, म्हणजे हवेचे बोगदे आहेत. कल्पना साधी आहे. विमान हवेतून पळवण्याऐवजी विमानाची प्रतिकृती एका जागी घट्ट बसवायची आणि तिच्यावरून हवा पळवायची. प्रतिकृतीवर वर उचलणारे बल किती, मागे ओढणारे किती, हे नाजूक बलमापक सांगतात. येथील १.२ मीटर रुंदीच्या बोगद्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या चौपटीपर्यंत नेता येतो. त्यासाठी आधी मोठ्या टाक्यांत हवा दाबून भरतात, मग झडप उघडतात आणि थोड्याच सेकंदांत सारी मोजमापे उरकतात. 'तेजस' विमान आणि आपली अग्निबाणे यांच्या प्रतिकृती अशा बोगद्यातून गेलेल्या आहेत.

या क्षेत्रातील दोन माणसांची ओळख तुम्हांला असली पाहिजे. पहिले प्रा. सतीश धवन. १९७२ ते १९८४ या काळात ते भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे प्रमुख होते, हे तुम्ही ऐकले असेल. पण ते मूळचे प्रवाहाचे अभ्यासक. वाहती हवा पृष्ठभागाला किती घासते याचे प्रत्यक्ष मापन त्यांनी अमेरिकेत डॉक्टरेटसाठी केले. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परतल्यावर देशातले ध्वनीपेक्षा जास्त वेगाचे सुरुवातीचे बोगदे त्यांनी उभारले. गंमत म्हणजे त्यांच्या पदव्या गणित-भौतिकीच्या, इंग्रजी वाङ्मयाच्या आणि यंत्र अभियांत्रिकीच्याही होत्या! दुसरे त्यांचे विद्यार्थी प्रा. रोद्दम नरसिंह. विमानाच्या पंखाला बिलगलेल्या हवेच्या पातळ थरापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे मोसमी वारे व ढग यांचाही अभ्यास केला. विमानाच्या पंखापासून पावसाच्या ढगापर्यंतचा हा प्रवास तुम्हांला लांबचा वाटेल. पण दोन्हीकडे वाहणारी वस्तू एकच, हवा.

पावसाचे गणित

तिसरे दार हे ढगांचेच. पुण्याला पाषाण भागात भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिची स्थापना १९६२ ची. उद्याचा पाऊस सांगण्यासाठी येथे काय करतात? साऱ्या पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे काल्पनिक चौकोनी तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यातील हवेचा दाब, तापमान, बाष्प आणि वाऱ्याचा वेग लिहून घेतात आणि द्रायुगतिशास्त्राची समीकरणे वापरून पुढच्या काही मिनिटांनी तेथे काय असेल ते काढतात. मग पुन्हा पुढची काही मिनिटे, पुन्हा पुढची.

तुकडे जितके लहान, तितके चित्र स्पष्ट. पण तुकड्याची लांबी-रुंदी निम्मी केली की तुकड्यांची संख्या चौपट होते आणि वेळेची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम आठपट! म्हणूनच या कामाला महासंगणक लागतात. या संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हा महासंगणक सुरू झाला. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरच्या चौकटीवर अंदाज देणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली.

या अंदाजावर शेतकरी पेरणी ठरवतो आणि कोळी होडी किनाऱ्याला ठेवतो. समुद्राच्या प्रवाहांचा असाच अभ्यास गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून करीत आली आहे. भारतीय हवामान विभागात विज्ञानाच्या पदवीधरांसाठी वैज्ञानिक सहायकांच्या जागांची परीक्षा वेळोवेळी होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेता येते. संगणकाची आवड असलेल्यालाही येथे जागा आहे. मात्र त्याला नुसता प्रोग्रॅम लिहून भागत नाही, समीकरण काय म्हणते तेही समजावे लागते.

पंप, पवनचक्की आणि हृदयाची झडप

आता कारखान्यांकडे वळू. विहिरीवरच्या पंपातून कधी कधी खडे खडखडल्यासारखा आवाज येतो. उघडून पाहावे तर आत खडा नसतो! पंपाच्या फिरत्या पात्यांपाशी पाण्याचा दाब फार उतरला की तेथे पाणी साध्या तापमानालाच उकळते आणि वाफेचे बुडबुडे तयार होतात. पुढे दाब वाढला की ते फुटतात आणि प्रत्येक फुटीबरोबर धातूवर घाव बसतो. काही महिन्यांत पाती कुरतडल्यासारखी होतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. हे ओळखणारा कुशल पंप-मेकॅनिक शेतकऱ्याचे हजारो रुपये वाचवतो. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी पंप तयार होतात. अशा कारखान्यांत पंपाचा आराखडा करणारे आणि चाचणी घेणारे हवे असतात.

कोयनेच्या पोफळी येथील वीजघरात पाणी साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून येते. घर्षण सोडून दिले तर त्याच्या झोताचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरांच्या वर जातो. त्या झोताने फिरणारे टर्बाइन सांभाळणे हेही द्रायूंचेच काम. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या तुम्ही पाहिल्या असतील. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. वारा दहा टक्क्यांनी जास्त मिळाला, तर शक्ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. म्हणून चक्की कोठे उभी करायची हे ठरवण्यासाठी आधी दीर्घकाळ वारा मोजावा लागतो. डोंगरावर उपकरणे लावून नोंदी घेणारे तंत्रज्ञ तेथे लागतात.

आणि रक्तही द्रायूच आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप तयार केली. १९९० साली ती प्रथम रुग्णाला बसवली गेली. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर अशी झडप वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा उघडते व मिटते. तिच्यामागे रक्त साकळता कामा नये आणि रक्तपेशी चिरडता कामा नयेत. डॉक्टर आणि अभियंते यांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय अशी वस्तू होत नाही.

शिकवणे आणि शोधणे

तुमच्यापैकी काहींना नोकरीपेक्षा प्रश्नच जास्त आवडत असतील. त्यांच्यासाठी या शास्त्रात एक खजिना आहे. द्रायूंच्या गतीची मूळ समीकरणे नाव्हिए यांनी १८२२ साली मांडली आणि स्टोक्स यांनी १८४५ साली ती पक्की केली. विमान, पाऊस, पंप यांची गणिते त्यांच्यावरच चालतात. तरीही या समीकरणांचे त्रिमितीतले उत्तर नेहमी सुरळीतच राहते का, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली यासाठी दहा लाख डॉलरांचे बक्षीस जाहीर केले. ते अजून कोणी जिंकलेले नाही.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी भारतीय विज्ञान संस्था, विविध आयआयटी, बेंगळुरूचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र अशी ठिकाणे आहेत. वेळेचा हिशेब मात्र आधीच समजून घ्या. बारावीनंतर पदवी, पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट मिळून दहा-अकरा वर्षे सहज जातात. 'नेट'सारखी परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्यास संशोधनाच्या काळात विद्यावेतन मिळते, त्यामुळे घरावर भार पडत नाही. पण कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या असतात आणि पुष्कळांना काही वर्षे तात्पुरत्या प्रकल्पांवर काम करावे लागते. हे माहीत असूनही ज्याला जावेसे वाटते, त्याने जरूर जावे.

तुमची वाट कोणती?

दहावीनंतर ज्यांना लवकर कमावते व्हायचे आहे, त्यांना आयटीआयमध्ये प्लंबर, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, शीतकरण व वातानुकूलन यांसारखे व्यवसाय-अभ्यासक्रम आहेत. अंतराळ संशोधन संस्थाही आयटीआय झालेल्यांना तंत्रज्ञ म्हणून घेते. तंत्रनिकेतनात स्थापत्य किंवा यंत्र शाखेची पदविका घेतली, तर पाटबंधारे, पाणीपुरवठा आणि कारखाने यांची दारे उघडतात. पुढे पदवीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची सोय असते.

बारावीनंतर स्थापत्य, यंत्र, रासायनिक, विमानविद्या, नौकाबांधणी अशा अभियांत्रिकीच्या शाखा आहेत. प्रत्येकीत द्रायूंचा विषय असतोच. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही म्हणून दार बंद झाले असे समजू नका. भौतिकी किंवा गणित घेऊन बी. एस्सी. केलेला विद्यार्थी हवामानशास्त्र, समुद्रविज्ञान आणि संशोधन या दिशांनी जाऊ शकतो. जाहिरात वाचताना पदाचे नाव वाचून थांबू नका, त्याखालचे कामाचे वर्णन वाचा. 'जलशास्त्र', 'वायुगतिकी', 'हायड्रॉलिक्स', 'उष्णतावहन', 'सीएफडी' असे शब्द दिसले की ओळखा, हे आपलेच काम आहे. यातील 'सीएफडी' म्हणजे संगणकाच्या मदतीने प्रवाहाचे गणित करणे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आज संगणक प्रवाहाची सुंदर रंगीत चित्रे काढून देतो. पण चुकीची माहिती भरली तरी तो तितकीच सुंदर चित्रे काढतो! चित्र खरे की खोटे हे मोजून ठरवावे लागते. ज्याला मोजता येते आणि मोजमाप व गणित यांतील फरक ज्याच्या डोळ्यांना खुपतो, त्याची गरज या सर्व दारांआड असते.

ती सवय आजच लावून घ्या. सरळ कडांची एक पारदर्शक प्लास्टिकची उंच बरणी घ्या. मोठ्या माणसाच्या मदतीने तिच्या तळाजवळ सुमारे ३ मिलिमीटरचे भोक पाडा. भोकापासून वर १, ४, ९ आणि १६ सेंटीमीटरांवर खुणा करा. भोक बोटाने बंद करून १६ च्या खुणेच्या वर पाणी भरा, झाकण उघडे ठेवा आणि बोट काढा. पातळी १६ वरून ९ वर, ९ वरून ४ वर आणि ४ वरून १ वर यायला किती सेकंद लागतात ते लिहा. पातळी आधी ७, मग ५, मग ३ सेंटीमीटर उतरते, पण तिन्ही वेळा जवळजवळ सारख्या यायला हव्यात. कारण धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि १६, ९, ४, १ यांची वर्गमुळे आहेत ४, ३, २, १. पोफळीच्या झोताचा आणि खडकवासल्याच्या छोट्या धरणाचा नियमही हाच.

प्रयोग पाच वेळा करा आणि सरासरी काढा. शेवटची वेळ थोडी निराळी आली, तर ती आकड्यांत बसवण्यासाठी खोडू नका. ती का निराळी आली याचा विचार करा आणि आपल्या विज्ञानाच्या शिक्षकांशी चर्चा करा.